पाणी आटलं तर? तारापूरच्या अणुभट्टीचा मागोवा

नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हादरायला लागली. धुंदलवाडीच्या आसपास केंद्र असलेले हे धक्के बहुतेक लहानच होते, पण थांबायचं नाव घेत नव्हते. भिंतींना तडे गेले, लोक ऐन थंडीत घराबाहेर झोपू लागले, गावोगावी तंबू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ रिश्टरचा होता. घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत काय किंवा बोर्डीच्या किनाऱ्यावर काय, भूकंपाचा विषय निघाला की तारापूर फार लांब राहत नाही. घोलवडहून गाडीत बसलं की डहाणू रोड, वाणगाव आणि मग बोईसर. सरळ रेषेत मोजलं तर अणुवीज केंद्र तीसेक किलोमीटरवर. ‘तारापूरला काही झालं तर?’

‘काही झालं तर’ हे शब्द अणुभट्टीच्या गणितात चालत नाहीत, फार मोघम आहेत. तिथे विचारतात ते नेमकं एवढंच, की गाभ्यातलं पाणी गेलं तर काय होईल. पाण्यावर थंड होणाऱ्या अणुभट्ट्यांच्या सुरक्षेचं जवळजवळ सगळं शास्त्र या एका प्रश्नाला फुटलेल्या फांद्यांचं आहे. प्रश्न जुनाच राहिला, उत्तरं मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी बदलली आणि दर वेळी त्यामागे कुठला तरी अपघात होता. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या, म्हणजे यातली बरीच उत्तरं लिहिली जाण्याआधीच्या. त्यांची सुरक्षा-पोथी नंतर तुकड्यातुकड्यांनी पुरी होत गेली, आणि त्यातली बरीच पानं दुसऱ्यांच्या अपघातांनी लिहिली. या पोथीचा मागोवा घ्यायचा तर आधी गाभ्यात डोकवावं लागेल.

तारापूरच्या १ आणि २ क्रमांकाच्या अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या. गाभ्यात इंधनाची २८४ जुडगी उभी. प्रत्येकात सहा-बाय-सहाच्या चौकटीत झिर्कॅलॉयच्या नळ्या आणि नळ्यांत युरेनियम ऑक्साइडच्या वड्या. पाणी खालून शिरतं, सळ्यांच्या मधून वर चढता चढता उकळतं आणि साधारण ७० वातावरणांच्या दाबाची वाफ थेट टर्बाईनवर जाते. मूळ आराखड्यात एका अणुभट्टीची उष्णता ६६० मेगावॅट आणि वीज २१० मेगावॅट. उरलेली साडेचारशे मेगावॅट उष्णता कंडेन्सरमधून अरबी समुद्रात. विजेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा समुद्र तापवण्यात जाते, ही गोष्ट वीज केंद्रांच्या माहितीपत्रकांत सहसा ठळक टायपात नसते.

या पाण्याकडे दोन कामं आहेत. एक उष्णता वाहून नेण्याचं, ते उघड आहे. दुसरं न्यूट्रॉनला आवरण्याचं. युरेनियमचा अणू फुटला की त्यातून निघणारा न्यूट्रॉन सेकंदाला वीसेक हजार किलोमीटर वेगाने सुटतो. एवढ्या वेगात तो पुढच्या युरेनियम-२३५ ला क्वचितच फोडतो. पाण्यातल्या हायड्रोजनवर धडकत धडकत त्याचा वेग सेकंदाला दोनेक किलोमीटरवर आला, की मग साखळी पुढे चालते. म्हणजे पाणी नसेल तर न्यूट्रॉन मंदावत नाहीत, आणि न्यूट्रॉन मंदावले नाहीत तर साखळीच तुटते. पाणी उकळून बुडबुडे वाढले की पाण्याची जागा वाफ घेते आणि शक्ती आपोआप उतरते. चुलीवरचा भात उतू गेला की पेज विस्तवावर सांडून जाळ मंदावतो, तसंच काहीसं.

आज हे वाचायला सरळ वाटतं. १९५० च्या सुमारास भल्याभल्यांना ते पटत नव्हतं. गाभ्यात पाणी उकळू लागलं की बुडबुड्यांमुळे शक्ती हेलकावे खाईल आणि अणुभट्टी हाताबाहेर जाईल, अशी समजूत होती. पाणबुडीसाठी अमेरिकन नौदलाने जी अणुभट्टी केली तिच्यात म्हणूनच पाण्यावर प्रचंड दाब ठेवून त्याला उकळूच दिलं नाही. अर्गोन प्रयोगशाळेतल्या सॅम्युएल अंटरमायर यांचं म्हणणं उलट होतं. उकळू द्या, बुडबुडेच ब्रेक लावतील, असं ते म्हणत होते. पटवायचं तर करून दाखवायला हवं. १९५३ मध्ये आयडाहोच्या माळरानावर अर्धवट मातीत पुरलेल्या एका टाकीत एक छोटी अणुभट्टी उभी राहिली. नाव बोरॅक्स. न्यूट्रॉन गिळणारा नियंत्रण दांडा झटक्याने वर काढायचा, शक्ती उसळू द्यायची, पाणी उकळून ती खाली बसते का ते पाहायचं. चाचण्यांमागून चाचण्या झाल्या. दर वेळी ती खाली बसली.

मग २२ जुलै १९५४ ला त्यांनी ती मुद्दाम फोडली. दांडा नेहमीपेक्षा जास्त वेगाने आणि जास्त लांब बाहेर काढला. टाकी फुटली, इंधनाचे तुकडे माळावर उडाले, सुमारे टनभर वजनाची दांड्यांची यंत्रणा नऊ-दहा मीटर हवेत गेली. बाहेर पडलेली ऊर्जा गणितात धरलेल्यापेक्षा बरीच जास्त निघाली. पण साखळी थांबलीच. तारापूरच्या सुरक्षेची पहिली पिढी या माळरानावर जन्मली, आणि तिच्याबरोबर एक सावधपणाही जन्मला. बुडबुड्यांचा ब्रेक खरा आहे, पण तो लागायला वेळ लागतो. त्या वेळेत किती ऊर्जा सुटेल हे आपलं गणित दर वेळी बरोबर सांगेलच असं नाही.

पुढची वंशावळ भराभर वाढली. बोरॅक्सच्या तिसऱ्या आवृत्तीने १७ जुलै १९५५ ला आर्को नावाच्या गावात काही वेळ दिवे लावले. अर्गोनची प्रायोगिक अणुभट्टी १९५६ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकची व्हॅलेसिटोसची १९५७ मध्ये आणि इलिनॉयमधली ड्रेस्डेन १९६० मध्ये आली. ड्रेस्डेन ही तारापूरची सख्खी थोरली बहीण.

त्याच घराण्यात ३ जानेवारी १९६१ ला पहिले मृत्यू झाले. एसएल-१ ही अमेरिकन लष्कराची लहानशी उकळत्या पाण्याची अणुभट्टी, तीही आयडाहोतच. दुरुस्तीनंतर जोडणी करताना मधला नियंत्रण दांडा हाताने अर्ध्या मीटरच्या आसपास वर ओढला गेला. शक्ती काही मिलिसेकंदांत उसळली, पाण्याचा लोट झाकणावर आपटला आणि अख्खं पात्र जागेवरून अडीच मीटरहून जास्त उडालं. तिघं गेले. बुडबुड्यांचा ब्रेक इथेही लागला होता, पण माणसं वाचवायला तो उशिरा पोचला. तेव्हापासून एकट्या दांड्याच्या हातात एवढी ताकद द्यायची नाही, हा आराखड्यातला पक्का दंडक झाला. सर्वांत प्रभावी दांडा बाहेर अडकून राहिला तरी बाकीच्यांनी अणुभट्टी बंद करता आली पाहिजे. तारापूरच्या प्रत्येक गाभ्यात ६९ दांडे आहेत. वरच्या बाजूला वाफ वेगळी करणारी यंत्रणा असल्यामुळे ते खालून वर शिरतात. गुरुत्वाकर्षणाची मदत नाही म्हणून पाण्याच्या दाबाने त्यांना वर फेकावं लागतं. उकळत्या पाण्याच्या आराखड्याची ही मला कायम खटकणारी बाजू आहे, पण या पाण्याबरोबर तीही पदरात घ्यावी लागते.

इकडे तुर्भ्यात ४ ऑगस्ट १९५६ ला ‘अप्सरा’ सुरू झाली होती. तीही पाण्याचीच, पण उघड्या हौदातली आणि विजेशी संबंध नसलेली. होमी भाभांचा खरा आराखडा नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याचा होता. त्यात समृद्ध युरेनियमवर चालणारी अमेरिकन अणुभट्टी बसत नव्हती. पण पश्चिम किनारा कोळशाच्या खाणींपासून लांब, मुंबई आणि गुजरातला वीज हवी आणि अणुवीज व्यापारी तत्त्वावर चालते हे लवकर दाखवून द्यायचं होतं. १९६० मध्ये निविदा मागवल्या गेल्या, ८ ऑगस्ट १९६३ ला भारत-अमेरिका करार झाला, मे १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकला तयार प्रकल्प उभारून द्यायचं कंत्राट मिळालं. अमेरिकेकडून आठ कोटी डॉलरचं कर्ज आलं, तेही अत्यल्प व्याजाने. भाभा जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवर विमान कोसळून गेले. तारापूर पूर्ण झालेलं त्यांनी पाहिलं नाही. काम चालू असतानाच ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला आणि दख्खनचं पठार भूकंपापासून सुरक्षित ही समजूत कायमची गेली. पहिला गाभा १ फेब्रुवारी १९६९ ला आणि दुसरा त्याच महिन्याच्या २८ तारखेला क्रांतिक झाला, म्हणजे त्यातली साखळी आपली आपण चालू राहू लागली. २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीज सुरू झाली. तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ चा.

ड्रेस्डेनकडून तारापूरला एक खास वारसा आला, आणि तो त्रासाचा निघाला. या पिढीत वाफेचे दोन मार्ग होते. मुख्य वाफ गाभ्यातून सरळ टर्बाईनवर. गाभ्यातून फिरणारं गरम पाणी वाटेत दुसऱ्या वाफ-जनित्रांतून जाई, तिथे कमी दाबाची आणखी वाफ तयार होई आणि ती टर्बाईनच्या मधल्या टप्प्यावर जोडली जाई. विजेची मागणी बदलली की या दुसऱ्या वाफेवर सांभाळून घेता येई. कागदावर छान, पण या जनित्रांच्या नळ्या चिरल्या, गळू लागल्या. दुमार्गी भावंडं एकामागून एक गेली. जर्मनीतल्या गुंडरेमिंगनची पहिली अणुभट्टी १३ जानेवारी १९७७ च्या अपघातानंतर पुन्हा चालू झाली नाही. इटलीतली गारिल्यानो १९७८ मध्ये याच दुसऱ्या जनित्रातल्या दोषामुळे थांबली. ड्रेस्डेनही त्याच वर्षी बंद पडली. तारापूरने वेगळी वाट काढली. १९८० च्या दशकाच्या मध्याला ही जनित्रं कायमची बाजूला काढली आणि २१० मेगावॅटची अणुभट्टी १६० वर आणून चालवली. शक्तीचा जवळजवळ चौथा हिस्सा सोडून आयुष्य वाढवलं. तारापूरच्या इतिहासातला हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा निर्णय, आणि सर्वांत कमी गाजावाजा झालेला.

बुडबुड्यांच्या ब्रेकची उलटी बाजू इथेच सांगून टाकतो, कारण पश्चिम ग्रीडमधल्या त्या काळच्या बिघाडांशी तिचा थेट संबंध आहे. टर्बाईन अचानक ट्रिप झालं की वाफेची वाट बंद होते, पात्रातला दाब चढतो आणि बुडबुडे पिचकतात. बुडबुड्यांच्या जागी पाणी आलं की न्यूट्रॉन जास्त मंदावतात आणि शक्ती उसळते. जी गोष्ट पाणी कमी झाल्यावर वाचवते तीच दाब वाढल्यावर अंगावर येते. म्हणून टर्बाईनला बगल देऊन वाफ कंडेन्सरमध्ये सोडणारे व्हॉल्व्ह आणि दांडे वर फेकणारी यंत्रणा, दोन्ही काही सेकंदांत हलली पाहिजेत. इंधन तापलं की युरेनियम-२३८ जास्त न्यूट्रॉन गिळतं, तोही एक ब्रेक आहे, आणि तो मात्र क्षणात लागतो. विजेच्या जाळ्यात बिघाड झाला की तारापूरला हे सगळं एकाच झटक्यात करावं लागे. सुरक्षेच्या गणितात ‘टर्बाईन ट्रिप’ हे प्रकरण स्वतंत्र लिहिलं जातं ते यासाठी.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रश्नाने रूप बदललं. तोवर भीती होती ती शक्ती उसळण्याची. अणुभट्ट्या मोठ्या झाल्या तशी दुसरी भीती पुढे आली. मुख्य पाइप फुटून सगळं पाणीच बाहेर गेलं तर? साखळी थांबेल, हे बोरॅक्सने सांगितलं होतं. पण फुटलेल्या अणूंचे तुकडे किरणोत्सारी असतात आणि ते उष्णता देत राहतात. पाणी नसेल तर सळ्या तापत जाणार, बाराशे अंशांच्या आसपास झिर्कोनियम वाफेशी जोमाने अभिक्रिया करू लागणार, त्यातून आणखी उष्णता आणि हायड्रोजन निघणार. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत यावर लांबलचक सुनावण्या झाल्या. खुद्द प्रयोगशाळांतले तज्ज्ञ सरकारी गणितावर अविश्वास दाखवत होते. जानेवारी १९७४ मध्ये अंतिम निकष निघाले. आणीबाणीचं पाणी असं यायला हवं, की सळीचं आवरण १२०४ अंश सेल्सियसच्या पुढे जाणार नाही. आवरणाच्या जाडीतला १७ टक्क्यांहून जास्त भाग ऑक्साइड होऊ नये, हीही अट होती.

तारापूर या निकषांच्या पाच वर्षं आधीचं. तिथे गाभ्यावर पाण्याचा फवारा होता, पाइप फुटला तर वाफ पाण्याच्या मोठ्या हौदात सोडून दाब उतरवणारी कोंडी होती, पण हे सगळं नव्या गणिताच्या कसोटीवर पुन्हा लावून पाहायला हवं होतं. आणि नेमक्या त्याच वर्षी, १८ मे १९७४ ला, पोखरणचा स्फोट झाला. आराखडा ज्यांनी केला त्यांचे दरवाजे हळूहळू बंद झाले. १९७८ च्या अमेरिकन कायद्यानंतर इंधनही थांबलं. १९८२ मध्ये फ्रान्सशी करार होऊन तिथून ते येऊ लागलं, १९९३ मध्ये तो करार संपला, मग भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लुटोनियम मिसळलेली काही जुडगी करून गाभ्यात घातली, पुढे चीनकडून आणि रशियाकडून युरेनियम आलं. इंधनाची ही कथा पुष्कळांनी लिहिली आहे. तिच्यामागे झाकलेली दुसरी कथा मला जास्त महत्त्वाची वाटते. सुट्या भागांची आणि सल्ल्याची दारं बंद झाल्यावर परक्या यंत्राचं सुरक्षा-गणित इथल्या अभियंत्यांना स्वतः करावं लागलं. पाइप कुठे चिरतील, फवारा कितपत पुरेल, दाब किती चढेल, हे सगळं तुर्भ्यात आणि तारापुरात बसून मांडायचं. उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत स्टेनलेस स्टीलचे पाइप जोडाच्या कडेने, धातूच्या कणांच्या सीमांवरून चिरत जातात, हा रोग सत्तरच्या दशकात अमेरिकेत ठळक झाला. तारापूरच्या पाइपांवर लक्ष ठेवणं हे तेव्हापासूनचं काम आहे.

मोठा पाइप फुटेल, या धास्तीत सगळे असताना अपघात मात्र भलतीकडून आले. २२ मार्च १९७५ ला अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात केबलच्या छिद्रांतून हवा गळते का ते पाहायला मेणबत्ती धरली गेली. आग लागली आणि एका उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीची आणीबाणीची यंत्रणा निकामी झाली. त्याच वर्षी अणुभट्ट्यांच्या धोक्यांचा हिशेब मांडणारा रासमुसेन यांचा अमेरिकन अहवाल आला. लहान गळती आणि माणसाची चूक यांचा धोका मोठ्या पाइपापेक्षा जास्त, असं त्यात निघत होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रातल्या अपघाताने ते खरं करून दाखवलं. भारतात स्वतंत्र नियामक म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. तारापूर तोवर चौदा वर्षं चालून झालं होतं.

आता उरलेल्या उष्णतेकडे जरा सावकाश पाहू, कारण पुढच्या सगळ्या प्रश्नांची गाठ तिथे आहे. अणुभट्टी बंद केली त्या क्षणाला गाभ्यात पूर्ण शक्तीच्या सहा-साडेसहा टक्के उष्णता निघत असते. तारापूरच्या मूळ ६६० मेगावॅटच्या हिशेबाने चाळीस मेगावॅटच्या वर. तासाभराने ती नऊ मेगावॅटच्या आसपास येते, दिवसाने तीन-साडेतीन. दिवसभरानंतरची ही उष्णता नुसतं पाणी उकळवून काढायची म्हटली, तर २४ तासांत शंभर टनांहून थोडं जास्त पाणी लागेल. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा-अकरा टँकर. पहिल्या दिवशी याहून बरेच जास्त. आकडा अवाढव्य नाही. उन्हाळ्यात एखाद्या सोसायटीला लागतात तेवढेच टँकर. अडचण पाणी मिळण्याची नसतेच. ते दाबाखालच्या पात्रात, अंधारात, पंप बंद असताना पोचवायचं कसं, ही अडचण.

याची पहिली खरी परीक्षा भारतात झाली, तारापुरात नाही, नरोऱ्याला. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तिथल्या टर्बाईनची पाती तुटली, जनित्रातला हायड्रोजन सुटून पेटला, तेलाने आग पसरली आणि केबली जळल्या. केंद्र सतरा तास विजेशिवाय होतं. नियंत्रण कक्षात धूर भरला. अणुभट्टी बंद झालीच होती, पण उरलेली उष्णता काढायला पंप नव्हते. डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांनी वाफ-जनित्रांत पाणी ओतलं, आणि गाभ्यातलं पाणी गरम-थंडाच्या फरकाने आपसूक फिरत राहिलं. नरोरा ही जड पाण्याची अणुभट्टी. तरी शिकवण सगळ्यांनाच लागू होती. फुकुशिमाच्या अठरा वर्षं आधी ‘वीज पूर्ण गेली तर?’ हा प्रश्न उत्तर प्रदेशात विचारून झाला होता आणि त्याचं उत्तर आगीच्या बंबाने दिलं होतं. जगाने याची दखल फार कमी घेतली.

तारापूरने घेतली. २००० नंतर नियामक मंडळाने जुन्या अणुभट्ट्यांची मुळापासून तपासणी केली आणि २००५-०६ मध्ये त्या बंद ठेवून मोठे बदल झाले. जुन्या डिझेल जनरेटरांच्या जागी जास्त क्षमतेचे नवे बसले. दोन्ही अणुभट्ट्या आणीबाणीची वीज वाटून घेत होत्या, ती वेगवेगळी केली. धुराने मुख्य कक्ष सोडायची वेळ आली तर म्हणून पूरक नियंत्रण कक्ष उभे राहिले. नरोऱ्याचा आणि ब्राउन्स फेरीचा धूर या यादीत स्पष्ट दिसतो.

आणि मग ११ मार्च २०११. जपानमधल्या फुकुशिमा दाइइचीची पहिली अणुभट्टी जनरल इलेक्ट्रिकचीच, १९७१ ची, तारापूरपेक्षा धाकटी. तिच्याकडे तारापूरसारखंच आणीबाणीचं कंडेन्सर होतं, म्हणजे उंचावरच्या पाण्याच्या टाकीतून जाणाऱ्या नळ्या. गाभ्यातली वाफ या नळ्यांत जाऊन थिजते आणि पाणी होऊन स्वतःच्या वजनाने परत येते. पंप नको, वीज नको. फक्त व्हॉल्व्ह उघडा हवा. भूकंपानंतर ते आपोआप चालू झालं. गाभा फार लवकर थंड होतोय म्हणून कर्मचाऱ्यांनी नियमाप्रमाणे ते मधूनमधून बंद केलं. ते बंद असतानाच त्सुनामी आली, बॅटऱ्या बुडाल्या आणि व्हॉल्व्हची स्थिती दाखवणारे दिवे विझले. दुसऱ्या दिवशी दुपारी इमारतीच्या माथ्यावर हायड्रोजनचा स्फोट झाला. विजेशिवाय चालणारी यंत्रणा विजेच्या एका व्हॉल्व्हपाशी अडली.

यानंतर तारापूर चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीने तिथल्या जुन्या जोडीसाठी स्वतंत्र पथक नेमलं. नियामक मंडळाची समितीही बसली. बाहेरून टँकरने किंवा बंबाने पाणी जोडता येईल अशी तोंडं, हायड्रोजन पेटू नये म्हणून कोंडीत नायट्रोजन, दाब वाढलाच तर गाळून हवा सोडायची सोय, अशा शिफारशी आल्या. किनाऱ्याचाही विचार झाला. अरबी समुद्रात त्सुनामीचा मुख्य उगम मकरानचा, आणि १९४५ मधल्या तिथल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. धुंदलवाडीच्या धक्क्यांकडेही याच नजरेने पाहावं लागतं. गणितात रिश्टरचा आकडा थेट बसवत नाहीत, इमारतीच्या पायाशी जमिनीला किती त्वरण मिळालं ते बसवतात. कमी खोलीचा चार रिश्टरचा धक्का धुंदलवाडीची भिंत चिरतो, पण पंचवीस-तीस किलोमीटरवर पोचेपर्यंत त्याची कंपनं बरीच विरतात. मोठा धक्का आला तरी पहिली चिंता इमारतीची नसेल. बाहेरची वीज, डिझेल आणि पाण्याची वाट यांची असेल.

त्याच कुंपणात दुसरी जोडी आहे, आणि तिचं भौतिकशास्त्र बरोबर उलटं. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं हलवून उभ्या राहिलेल्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या ५४० मेगावॅटच्या, जड पाण्याच्या. चौथी मार्च २००५ मध्ये आणि तिसरी मे २००६ मध्ये क्रांतिक झाली. इथे न्यूट्रॉन मंदावणारं जड पाणी एका मोठ्या पात्रात गार असतं आणि उष्णता नेणारं जड पाणी त्यातून आरपार जाणाऱ्या ३९२ नळांत. नळातलं पाणी गेलं तरी मंदावणारं पाणी जागेवरच राहतं, त्यामुळे साखळी थांबत नाही, उलट शक्ती काहीशी चढते. चेर्नोबिलमध्ये हाच परिणाम फार मोठ्या प्रमाणात होता. म्हणून इथे अणुभट्टी बंद करायच्या दोन अगदी स्वतंत्र यंत्रणा आहेत. एकीत दांडे पडतात, दुसरीत गॅडोलिनियमचं द्रावण मंदकात फवारलं जातं, आणि काम काही सेकंदांत संपतं. गाभा एवढा मोठा आहे की एका कडेला शक्ती वाढून दुसऱ्या कडेला उतरण्याचे झेनॉनचे हेलकावे येऊ शकतात. ते आवरायला गाभ्यात साध्या पाण्याचे चौदा कप्पे केले आहेत. त्यातली पातळी कमी-जास्त करत राहायची. घोलवडहून पाहणाऱ्याला हे एकच केंद्र. आत मात्र ‘पाणी गेलं तर?’ या प्रश्नाची दोन विरुद्ध उत्तरं भिंतीला भिंत लावून नांदतात, आणि चालवणाऱ्यांना दोन्ही पाठ असावी लागतात.

२०२० मध्ये जुनी जोडी मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाली. व्यापारी वीज सुरू होऊन तेव्हा पन्नास वर्षं उलटली होती. सोबतच्या पिढीतल्या बहुतेक अणुभट्ट्या तोवर निवृत्त झाल्या होत्या.

त्याच वर्षी गुजरातच्या सीमेपलीकडे काक्रापारला ७०० मेगावॅटची पहिली स्वदेशी अणुभट्टी क्रांतिक झाली. तारीख २२ जुलै, बोरॅक्स फोडली तीच, निव्वळ योगायोग. त्या आराखड्यात एक नवी सोय सांगितली जाते. वीज पूर्ण गेली तरी वाफ-जनित्रांतली वाफ उंचावरच्या टाकीत बुडवलेल्या नळ्यांत जाते, तिथे थिजते आणि पाणी होऊन गुरुत्वाकर्षणाने परत येते. आराखडा आपला, जड पाण्याचा, भाभांच्या वाटेवरचा. टाकीची कल्पना मात्र तारापूरच्या त्या अमेरिकन कंडेन्सरची चुलत नात आहे.